तारवाबाहेरची माणसं

चर्चमधल्या संडे स्कूलच्या फळ्यावर मी महापुराच्या गोष्टीतलं नोहाचं कापडी तारू चिकटवलं, जोडीजोडीनं जनावरं चढवली. चिमुरडी टेसा म्हणाली, “बुडालेली माणसं कुठायत?” आईनं हाच वर्ग घेताना चाळीस वर्षं वापरलेला कापडी चित्रांचा डबा मी पालथा घातला, सापडली नाहीत. तणतणत घरी येऊन प्रश्न आईपुढे आदळला. ती ॲपल पायच्या कडा दुमडत होती. “देवाच्या न्यायावर शंका घेऊ नये, बाळा.” “लहानपणापासून तेच ऐकतेय! तान्ह्या पोरांनी काय पाप केलं होतं?” पिठाचे हात पुसून आईनं बायबलमधून जीर्ण पाकीट काढलं. आत हात वर केलेली कापडी माणसं होती; एकीच्या कडेवर बाळ. “पहिल्याच वर्षी काढून ठेवली. लावायला मन धजेना.” “आणि मला गप्प बसवलंस?” तिनं पाकीट माझ्या हातात कोंबलं. “रविवारी लाव.” “उत्तर काय देऊ?” “मला ठाऊक असतं, तर लपवली असती का?”