उजवा अंगठा

माजी सैनिकांच्या घरपोच सेवेतली नवी मदतनीस फाईल वाचूनच आली होती: 'झोपेतून उठवताना खांद्याला हात लावू नये, पायाचा अंगठा हलवावा.' तिने आजोबांचा डावा अंगठा हलवला. आजोबा ढिम्म.

"तो नव्हे, उजवा," आजी म्हणाल्या.

उजवा पाय तर लढाईतच गुडघ्यापासून गेलेला. आजींचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं तिच्या मनात येतंय तोवर आजींनी तिथलं सपाट पांघरूण चिमटीत धरून हलवलं. आजोबांनी डोळे उघडले.

"पहाऱ्याची पाळी आली माझी?"

"तुमची झाली. आता दुसरं कुणी जाईल. तुम्ही चहा घ्या."

"दुसरं कोण?" आजोबा हळूच म्हणाले. "सगळ्यांचे अंगठे हलवून आलो मी. कुणीच उठत नाही."