हिरवा पापुद्रा

कपाटाच्या तळातून लतिकाने पिशवी ओढली, तशी ती हातातच चुरली. आतली झबली, टोपरी खाली पडली आणि पिशवीचे हिरवे पापुद्रे पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर उडाले.

पंखा बंद करून ती वळली, तोवर रांगत आलेली ज्ञानदा काहीतरी चघळत होती. बोट घातल्यावर एक तुकडा निघाला. बाकीचं गिळून झालं होतं.

तिने विघ्नेशला ऑफिसात फोन लावला.

"अगं, त्या पिशव्या आपोआप नष्ट होतात ना? तूच तर वाण्याशी भांडून घ्यायचीस."

"मातीत होतात रे. पोटात नाही."

"मग कपाटात कशी झाली?"

लतिकाने फोन ठेवला. बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती तिची. प्लास्टिकमध्ये काहीतरी मिसळतात, त्याने ते उन्हा-वाऱ्यात तुटत जातं, हे तिला माहीत होतं. तुटून पुढे कुठे जातं, ते पिशवीवर छापलेलं नव्हतं. छापलं होतं फक्त झाडाचं एक पान. चांगली पिशवी म्हणून तिने ती धुऊन, उन्हात वाळवून, लेकीच्या पहिल्या कपड्यांसाठी जपली होती.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "श्वास ठीक आहे ना? मग शी बघत राहा."

खालून घरमालकीण बर्थाआंटी वाडीतलं राजेळी केळं वाफवून घेऊन आली. "कुस्करून भरव. आमच्या सॅमीने रोझरीचा मणी गिळलेला. आला ना तिसऱ्या दिवशी! धुतला, परत ओवला. अजून त्याच माळेवर प्रार्थना करते मी."

लतिकाला हसू आलं नाही.

मग प्रत्येक लंगोट ती खिडकीच्या उजेडात उलगडून पाहू लागली. ज्ञानदा खेळत होती, हसत होती. लतिकाचं जेवण ताटात निवत होतं. विघ्नेश घरी आला की आधी तिच्या तोंडाकडे बघायचा, ती नकारार्थी मान हलवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो तुकडा सापडला. नखाएवढा. तिने नळाखाली धुतला. रंग तसाच होता. छापलेलं अर्धं पान शिरांसकट तसंच्या तसं होतं.

"आंटी, आला!" तिने खिडकीतून हाक मारली.

अंगणातून बर्थाआंटीने वर पाहत कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली. "सुटलीस, बाय माझी. टाकून दे आता तो."

खाली विहीर होती. विहिरीपलीकडे केळी, आणि केळीच्या आळ्यात सगळ्या घराचा ओला कचरा.

लतिकाने मूठ मिटली.

"कुठे टाकू, आंटी?"