वळणावरचा हॉर्न

हँडल पूर्ण डावीकडे फिरलं आणि हॉर्न बोंबलला. गल्लीच्या तोंडाशी गप्पा छाटत उभी असलेली मंडळी हसली. "आल्या बरं का बाईसाहेब!" कुणीतरी ओरडलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मोटरसायकल अंगणात आणून लावली.

दोष गाडीचा नव्हता, हौसेचा होता. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर बाबांनी आपली जुनी मोटरसायकल तिला दिली आणि तिने गाडीचा पार अवतार बदलला. हँडल खाली आणून मागे ओढलं, जुनी टाकी काढून चांगली रुंद टाकी बसवली. गाडी देखणी झाली. फक्त हँडल आणि टाकी यांच्यात जागा किती उरते, ते बघायचं राहिलं. हँडल पुरतं वळलं की डाव्या मुठीजवळचं हॉर्नचं बटण टाकीवर दाबलं जाई. आणि घरी यायचं तर शेवटचं वळण नेमकं काटकोनात. दिवसभर कारखान्यात लेथ मशीनवर केसभर फरक खपवून न घेणारी ही मुलगी घरच्या गाडीत चांगली बोटभर चुकली होती.

"माझ्या गाडीचं वाटोळं केलं," एवढं बोलून बाबांनी लेकीशी बोलणं टाकलं. काढलेली टाकी त्यांनी चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवली. आईला तिथे केरसुणी घालायचीही बंदी. जेवताना दोघं समोरासमोर, पण निरोप आईमार्फत.

"तिला सांग, मीठ दे म्हणावं."

"त्यांना सांग, हाताशीच आहे."

"मी काय टपाल खातं उघडलंय?" आई म्हणायची आणि मीठ सरकवायची.

संध्याकाळी बाबा खिडकीत बसत. वळणावर हॉर्न वाजला की ताडकन उठून आतल्या खोलीत जात. जाता जाता आईला बजावत, "तिला सांग, सगळी गल्ली दणाणते." आपलं तोंडही बघायला नको यांना, असं लेकीला वाटे. मग जेवणात तिचं लक्ष लागत नसे. एकदा हा हॉर्न गप्प केला की बाबा निवळतील, अशी तिने मनाची समजूत घालून घेतली होती.

तिने टाकी मागे सरकवून पाहिली, तर सीट आडवी आली. मग हँडल वळून जिथे अडतं तिथे लोखंडाचा तुकडा जोडला, म्हणजे ते कमीच वळेल. हॉर्न गप्प झाला, पण गाडी एका दमात वळेना. भर वळणावर ती पुढे-मागे करत राहिली आणि मागे खोळंबलेल्या टेम्पोने हॉर्नचा जो भडिमार केला, तोही बाबांनी तिच्याच नावावर मांडला. तिने तुकडा काढून टाकला.

शेवटी एके दिवशी काम संपल्यावर ती कारखान्यातच थांबली. लेथवर दोन ठोकळे कातले, हँडलखाली घातले आणि हँडल वर उचललं. त्याने क्लचची केबल ताणली गेली, तर तिला दुसऱ्या वाटेने फिरवलं. इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. इंजिनाचा आवाज बदलला नाही, म्हणजे कुठलीही केबल ओढली जात नव्हती. टाकीला काहीही शिवलं नाही. ती एकटीच हसली.

वळणावर गाडी गुपचूप वळली. गल्लीतल्या मंडळींनी वर बघितलंसुद्धा नाही. घराची खिडकी मात्र रिकामी होती, आणि आई दारात उभी.

"फोन का उचलत नाहीस गं?"

"मशीनच्या आवाजात ऐकूच आला नाही. बाबा कुठेत?"

"तुला शोधायला गेलेत. तुझ्या वेळेला हॉर्न वाजला नाही, तेव्हापासून नुसत्या येरझाऱ्या. आत्ताच पायऱ्यांच्या वाटेने मोठ्या रस्त्याला गेले."

तिने आल्या पावली गाडी फिरवली. बाबा सिग्नलपाशी उभे होते. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बाथरूमची स्लिपर. समोरून येणारी प्रत्येक मोटरसायकल डोळे बारीक करून बघत होते. ती शेजारी येऊन थांबली, तरी आधी त्यांना पटेना.

"हॉर्न का नाही वाजला?" मध्ये आई नव्हती. ते थेट तिलाच विचारत होते.

"दुरुस्त केला, बाबा. तुम्हालाच त्रास होत होता ना?"

"तो वाजला की कळायचं, पोचली. मग मी उठायचो." त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच सदऱ्याला पुसला.

"बसा मागे," ती कशीबशी म्हणाली.

"सीट तरी जागेवर ठेवलीय का?" म्हणत बाबा कण्हत-कुथत बसले.

वळण आलं. हँडल पूर्ण डावीकडे फिरलं, डावी मूठ तिच्या मांडीपर्यंत आली, टाकीला कुठेही टेकली नाही. तेवढ्यात मागून एक हात पुढे आला आणि त्याने हॉर्नचं बटण दाबून धरलं, घर येईपर्यंत.