गंजाची बाजू

सुट्या तुकड्यांतून तळहाताएवढा मालगाडीचा डबा जुळवायला जावयाला तीन आठवडे लागले, आणि त्यावरचा गंज रंगवायला तीन महिने. बिजागरीखालून ओघळलेला तांबूस गंज बघायला आज रेल्वेची मॉडेल्स बनवणाऱ्यांच्या क्लबातली मंडळी घरी यायची होती. "सासरे रेल्वेच्या कारखान्यात होते, पण नुसते रंगारी," असं त्यानेच त्यांना हसत सांगितलं होतं. सासऱ्यांनी डबा उचलून चष्म्याजवळ नेला आणि गंजावर अंगठा फिरवला. "जावईबापू, एवढा गंज आमच्या हातून कधी सुटला नाही हो. दिसला की घासायचो, प्रायमर मारायचो, मगच रंग." 'मुद्दाम केलाय' म्हणायला जावयाने तोंड उघडलं. तेवढ्यात बेल वाजली. सासऱ्यांनी घाईघाईने डबा फळीवर ठेवला, गंजाची बाजू भिंतीकडे करून. "असाच असू द्या. माझ्या जावयाच्या कामाला कुणी नावं ठेवायला नको." बेल पुन्हा वाजली. जावयाचा पाय उचलेना.