काचेवरचा चेहरा

"हे खेळणं आधी टेबलावरून उचल," मास्तर म्हणाले.

पाटीवालीनं उचललं नाही. उलट टॅबलेट आणखी जरा पुढे सरकवला. टॅबलेटला पाटी म्हणत मास्तरांनीच तिला हे नाव पाडलं होतं आणि आता सगळं पोलीस ठाणं तिला त्याच नावानं हाक मारायचं. शाळेत चित्रकला तिला त्यांनीच शिकवलेली, तीही कान पिळून. म्हणून इतके दिवस तिनं ऐकून घेतलं होतं.

काम दोघांचंही एकच. साक्षीदारानं सांगायचं आणि त्यावरून संशयिताचा चेहरा काढायचा. खात्यानं या कामासाठी टॅबलेट घ्यावेत की नकोत, यावर महिनाभर नुसता काथ्याकूट चालला होता. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. साक्षीदार एक, चित्रं दोन. जे उजवं ठरेल ते उद्या शहरभर लागेल, आणि त्या दिवसापासून तसंच काम चालेल.

मास्तर उशिरा आले, पण रंगात होते.

"गाडी गॅरेजात पडलीय, बसला लोंबकळत आलो," ते म्हणाले. "तरी बरं, माझी पेन्सिल चार्ज करावी लागत नाही!"

साहेब खो खो हसले. दारातल्या शिपायानंही हसून घेतलं. पाटीवालीनं टॅबलेट चालू केला.

साक्षीदार बाई पन्नाशीच्या होत्या. परवा संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या धाकट्या बहिणीला एका गाडीनं उडवलं होतं. गाडीवाला खाली उतरला, वाकला, तिच्याकडे पाहिलं आणि परत गाडीत बसून निघून गेला. बहीण अजून शुद्धीवर आली नव्हती.

"त्यानं पाहिलं हो," बाई म्हणाल्या. "ती हात हलवत होती. ते पाहून गेला मेला!"

पाटीवालीच्या मस्तकात तिडीक गेली. असला माणूस आज कुठेतरी पोटभर जेवून ढेकर देत असेल! तिनं काम सुरू केलं. बाई सांगत गेल्या, ती काढत गेली. कपाळ अरुंद. नाही, इतकं नाही. नाक सरळ. डाव्या भुवईत मधोमध खाच, जुन्या जखमेची असावी तशी. कानाची पाळी गालाला चिकटलेली. चुकलं की पुसायचं, डोळे जरा जवळ आणायचे, बाईंना दाखवायचं. चेहरा हळूहळू वर येत होता.

मास्तरांची पेन्सिल मध्येच थांबली. त्यांनी शिपायाकडे पाणी मागितलं, सगळा ग्लास संपवला आणि मग एकदम भडकले.

"हे काय चाललंय? डोळा सरकव, नाक ताण! चेहरा आहे की रबर? साहेब, असल्या पोरखेळावर मी नाही बसणार."

"मास्तर, काम तर बघा आधी," पाटीवाली म्हणाली.

"काय बघायचं त्यात?"

तिनं टॅबलेट बाईंपुढे धरला. बाईंनी पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच तो."

"बाई, काच आहे ती!" मास्तर उठून उभेच राहिले. "आतून उजेड मारला की कोणताही चेहरा खरा वाटतो. नीट आठवा. नाहीतर एखाद्या निरपराध पोराला फासावर चढवाल. झोप लागेल मग?"

बाई गडबडल्या. मास्तरांनी आपला कागद त्यांच्यासमोर ठेवला. रुंद जबडा, जाड नाक, दाट भुवया.

"असा... असाही असेल," बाई चाचरत म्हणाल्या. "तुम्ही इतकी वर्षं करताय. तुम्हालाच कळणार."

"भुवईतली खाच कुठे गेली?" पाटीवालीनं विचारलं.

"ती तुझ्या काचेवरचा ओरखडा असेल."

पुन्हा हशा. साहेबांनी कागद उचलला. "कोर्टात शेवटी कागदच चालतो, पोरी. ते राहू दे तुझं. घरी चित्रं काढायला बरं आहे."

"आणि ते पुसून टाक," मास्तर म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

एवढा अपमान! बाईंनी ओळखलेला चेहरा पुसायचा, कशासाठी? या म्हाताऱ्याचा तोरा राहावा म्हणून? तिकडे एक बाई मरणाच्या दारात पडलीय आणि इथे यांना आपल्या पेन्सिलीची पडलीय! तिनं टॅबलेट पिशवीत कोंबला आणि कुणाकडे न बघता बाहेर पडली.

संध्याकाळपर्यंत राग शांत व्हायला हवा होता. तो वाढतच गेला. उद्या भिंतीभिंतीवर तो जाड नाकाचा माणूस लागणार, खरा मोकळा फिरणार, आणि कोणी दुर्दैवी जाड नाकवाला नाहक मार खाणार. ती जेवायला बसली. ताट तसंच सोडून ती उठली. शिपायाकडून मास्तरांचा पत्ता घेतला. आजवर कधी त्यांच्या घरी जायची वेळ आली नव्हती.

तीन जिने चढताना तिनं सगळं जुळवून ठेवलं. मास्तर, तुम्ही मला शिकवलंत, म्हणून पाया पडते. पण आज तुम्ही जे केलंत ती नुसती मिजास होती. उद्या सकाळी साहेबांकडे चला आणि सांगा, पोरीचं चित्र बरोबर होतं. आवाज चढू द्यायचा नाही. रडायचं तर मुळीच नाही.

तिनं बेल दाबली. आतून मास्तरांचा आवाज आला, "थांब, तू उघडू नकोस!" पण तोवर कडी निघाली होती.

सकाळभर तिनं काढलेला चेहरा दारात उभा राहून तिला विचारत होता, "बाबांकडे काम आहे का?"