कोपऱ्यातला केशरी माइक

"माष, दार लोटून घ्या. बसा, चहा सांगितलाय."

सुगुणनच्या मनात पाल चुकचुकली. केरळातल्या ओट्टपालमजवळच्या या सरकारी शाळेत तो रोजंदारीवर संगणक शिकवायचा, म्हणून सगळ्यांचा 'माष', म्हणजे मास्तर, आणि हेडमिस्ट्रेस अम्मिणी टीचरनी त्याला आजवर साधं पाणी विचारलं नव्हतं. काल लॅबमधला प्रोजेक्टर चोरीला गेल्याचं कळलं, आणि आज एकदम चहा!

"आवाजच येत नाहीये हो याचा," टीचरनी आपला लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "मेलं हे तुमचं लिनक्स, रोज नवं काहीतरी काढतं."

आवाज त्याने कालच लावून दिला होता. आवाज, उजेड, इंटरनेट, सगळं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरतीच असतं, हे त्याने टीचरना हजारदा दाखवलं होतं. तरी दरवेळी माषांना बोलावणं यायचंच. त्याने कोपऱ्यात पाहिलं. भोंग्याच्या चित्रावर फुली होती. ही फुली आपोआप पडत नाही.

फुलीशेजारी छोटासा केशरी माइक दिसत होता. रेकॉर्डिंग चालू असेल तरच तो उमटतो.

पडद्यावर नुसती मुलांची हजेरी उघडी होती. म्हणजे हजेरीच्या आड काहीतरी चालू होतं आणि खोलीतलं बोलणं टिपून घेत होतं. वरून दुसरी खिडकी उघडली तरी कोपऱ्यातली खूण जात नाही, हे टीचरना ठाऊक नसावं.

"लॅबला कुलूप लावायला विसरला असाल, माष," टीचर कधी नव्हे त्या मायेने म्हणाल्या. "माणूस आहे, होतं असं. इथे आपण दोघंच आहोत. एकदा हो म्हणा, वरच्यांना मी सांभाळून घेते."

एक 'हो', आणि नोकरी जाणार, वर चोरीचा ठपका. परवा संध्याकाळी काय झालं ते त्याने भीतीपोटी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या शब्दावर विश्वास तरी कोण ठेवणार होतं? माइक बंद करायला एक टिचकी पुरे होती. त्याने ती मारली नाही. खुर्ची पुढे ओढून तो लॅपटॉपजवळ वाकला आणि वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाला,

"अम्मिणी टीचर, परवा तुमचे भाऊ प्रोजेक्टर बघायला आले, तेव्हा लॅबची किल्ली तुम्हीच माझ्याकडून मागून घेतलीत. ती अजून तुमच्याकडेच आहे ना?"

शिपाई चहा ठेवून गेला. कपाला कुणी हात लावला नाही. टीचरनी माउस ओढून घेतला आणि इथे टिचकी, तिथे टिचकी सुरू झाली. भोंग्यावरची फुली गेली. हजेरी बंद झाली. माइक मात्र होता तिथेच होता.

"माष," शेवटी त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे बंद कसं करायचं?"