'पी' अक्षराची कॉलर

"फोन मीच घेणार. इंग्रजी भाषा मी मुठीत घेतलेली आहे," शिंप्यानं बायकोला ठणकावलं.

मुठीत आली होती ती 'ए'पासून 'ओ'पर्यंत. इंग्रजी जावयाशी बोलता यावं म्हणून तो वाक्प्रचारांच्या पुस्तकाचं रोज एक पान घोकत होता. पुढची अक्षरं राहिलीत, हे बायकोच्या कानावर घालायची घाई त्यानं केली नव्हती.

आज परदेशी लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. फोन वाजला. जावई हुंदके देत होता. "शी पुल्ड थ्रू!" एवढंच कळलं आणि फोन तुटला. परत काही केल्या लागेना.

"काय म्हणाले जावई? अहो, बोला की!"

'पुल' म्हणजे ओढणे. 'थ्रू' म्हणजे आरपार. पण लेकीला ओढलं कुणी, आणि कुठल्या बाजूला? इंग्रजीत बादलीला लाथ मारली की माणूस मरतो, हे 'के'मध्ये शिकल्यापासून त्याचा शब्दांवरचा विश्वासच उडाला होता.

"थांब, खात्री करून घेतो." त्यानं पुस्तक उघडलं. 'ओ'नंतर एकदम 'आर'. मधलं पान फाडलेलं.

गेल्या आठवड्यात घाईच्या शर्टाची कॉलर बेतायला कागद सापडेना, तेव्हा 'पी'ला अजून अवकाश आहे म्हणून त्यानंच ते पान फाडलं होतं.

ती कागदी कॉलर खिळ्याला लटकत होती. तिच्या टोकाशी छापलं होतं, 'पुल थ्रू : मरणाच्या'. तिथून कात्री गेली होती.

मराठी शब्द बायकोलाही वाचता आला. "मरणाच्या?" म्हणत तिनं कॉलर खिळ्यावरून ओढून काढली.

"पुढे आहे गं काहीतरी! पुढे आहे!" त्यानं चिंध्यांचं पोतं जमिनीवर उपडं केलं. दोघंही गुडघ्यांवर बसून उपसू लागली. अस्तर, दोरे, खिशांचे तुकडे. कागद मात्र दिसेना. शेवटी बोटभर चिटोरं बायकोच्या हाती लागलं. तिनं ते कॉलरला जुळवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"दारातून... परत... येणे."

मग शिंप्यानं घसा खाकरला. "मी म्हणालो नव्हतो? इंग्रजी भाषा..."

"कळली किती मुठीत आहे ती," बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली. तिनं सुई पुढे केली. "नाकं दिसत नाही मला. एवढा दोरा आरपार ओढून द्या. पान शिवून टाकते."